फ्लूचा ताप उतरून परत चढला तर वाट बघू नका

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात कसं असतं ते इथल्यांना सांगायला नको. आठ-आठ दिवस ऊन नाही, राजाराम बंधारा पाण्याखाली, घरात दोरीवर ओले कपडे आणि माणसं दारं-खिडक्या लावून आत बसलेली. अशात एकाला फ्लू झाला की घरात सगळ्यांना होतो. मी गेली कितीतरी वर्षं मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, म्हणजे तुमचा बेडका, लघवी, रक्त जे काही येतं त्यात कुठला जंतू आहे ते शोधून काढायचं आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल ते डॉक्टरांना कळवायचं. यंदाही ऑगस्टमध्ये बेडक्याच्या डब्यांची रांग लागली आणि तेव्हापासून डोक्यात घोळतंय की हे एकदा नीट लिहून काढावं, कारण फ्लूने माणूस दगावतो म्हणजे नक्की कशाने दगावतो हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही, चांगल्या शिकलेल्या लोकांनाही नाही.

डबा घेऊन येणाऱ्या घरच्या माणसाला मी नेहमी विचारते की ताप कधीपासून आहे. आणि दरवर्षी त्याच त्या पद्धतीचं उत्तर ऐकायला मिळतं. परवा एकजण वडिलांचा डबा घेऊन आले होते, कागलकडचे. म्हणाले, "मॅडम, ताप गेलता की ओ. दोन दिवस रानात पन जाऊन आल्यात. परवा रात्रीपास्नं परत हुडहुडी भरून आलाय, आनि बरगडीत चमक मारतीया म्हनत्यात, श्वास घेतला की." मी डबा उजेडात धरून बघितला तर आत विटकरी, गंजाच्या रंगाचा बेडका. तो रंग बघितला की आम्हाला लॅबवाल्यांना अंदाज येतो.

त्याची स्लाइड करायची म्हणजे काचेवर पातळ थर पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवायचा, मग जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुवायचं आणि शेवटी लाल रंग. आधी मायक्रोस्कोपच्या कमी पॉवरवर बघतो की हा खरंच छातीतला बेडका आहे का नुसती तोंडातली थुंकी. एका फील्डमध्ये पू-पेशी पंचवीसच्या वर आणि तोंडाच्या सालीतल्या पेशी दहाच्या आत असल्या तर नमुना चांगला धरायचा. मग तेल टाकून मोठ्या पॉवरवर. त्या काकांच्या स्लाइडवर पू-पेशींचा नुसता खच होता आणि त्यांच्या मधेमधे गडद जांभळे ठिपके, दोन-दोनच्या जोडीने, बाहेरच्या टोकाला जरा निमुळते, भोवती पांढरट कडं. न्यूमोकॉकस, न्यूमोनिया करणारा बॅक्टेरिया. दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायच्या, रक्त घातलेल्या लाल प्लेटवर त्याच्या बारीक, मधे खोलगट वसाहती आल्या आणि भोवतीचं रक्त हिरवट झालेलं. डॉक्टरांनी स्लाइडचा रिपोर्ट कळल्याबरोबर इंजेक्शन चालू केलं होतं, काका आठवड्याभरात घरी गेले.

आता यात महत्त्वाचं काय ते बघा. पहिले चार दिवस त्यांना जो ताप होता तो फ्लूचा, म्हणजे व्हायरसचा. तो खरंच उतरला होता, घरच्यांची बघण्यात काही चूक नव्हती. नंतर चढला तो वेगळाच आजार, बॅक्टेरियाचा न्यूमोनिया, फ्लूने मोकळ्या करून दिलेल्या वाटेने आलेला. आणि फ्लूच्या मोठ्या साथींमध्ये जी माणसं गेली त्यातली बरीचशी या दुसऱ्या दुखण्याने गेली.

१९१८ ची साथ घ्या. त्याबद्दल नेटवर जे फिरतं त्यात सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी निळा पडून मेला अशाच गोष्टी असतात. तसे मृत्यू झाले होते हे खरं आहे, फुफ्फुसात पाणी-रक्त भरून दोन-तीन दिवसांत गेलेले तरुण होते. पण सगळ्या जगाच्या नोंदी एकत्र काढून बघितल्या तर बहुतेक मृत्यू दुखणं सुरू झाल्यावर सात ते दहा दिवसांच्या आसपास आहेत, कित्येक तर दोन आठवडे उलटून गेल्यावर. नुसता व्हायरसच मारत असता तर इतके दिवस का लागले असते, हा साधा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर २००८ साली बऱ्यापैकी पक्कं मिळालं. अमेरिकेत त्या साथीत गेलेल्या लोकांच्या फुफ्फुसाचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात घालून ठेवलेले होते, नव्वद वर्षं. जेफरी टॉबेनबर्गर, डेव्हिड मोरेन्स आणि अँथनी फाउची (हो, कोविडमध्ये टीव्हीवर दिसायचे तेच) यांनी असे ५८ जणांचे नमुने परत कापून, रंगवून मायक्रोस्कोपखाली बघितले, आणि जवळजवळ प्रत्येकात बॅक्टेरियाच्या न्यूमोनियाच्या खुणा सापडल्या. शिवाय त्या काळातल्या शवविच्छेदनांचे छापून आलेले १०९ अहवाल त्यांनी चाळले, त्यात मिळून ८,३९८ माणसं. तिथेही तेच चित्र. जंतू कुठले, तर न्यूमोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकस, हिमोफिलस. यातला एकही नवीन नाही, परदेशातून आलेला नाही, धडधाकट माणसाच्या नाका-घशात एरवीही राहणारे हे जंतू. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण हीच चार नावं मी रोज रिपोर्टवर लिहिते.

एका फ्रेंच डॉक्टरने, लुई क्रुव्हेलियेने, १९१९ मध्येच लिहून ठेवलं होतं की फ्लू शिक्षा सुनावतो आणि मागून येणारा संसर्ग ती अमलात आणतो. म्हणजे पेशंटच्या उशाशी बसणाऱ्या डॉक्टरांना तेव्हाही हे दिसत होतं. घोळ वेगळ्याच ठिकाणी झाला होता. १८९२ साली रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने फ्लूच्या पेशंटमध्ये एक बारीक जंतू शोधला आणि हाच फ्लूचा कर्ता असं जाहीर केलं, आणि नाव मोठं असल्यामुळे जगाने ते मानलं. १९१८ मध्ये सगळे तोच शोधत बसले, कुणाला सापडे, कुणाला नाही, त्याच्यावर लसीसुद्धा काढल्या. फ्लूचा खरा व्हायरस माणसातून वेगळा काढला गेला १९३३ मध्ये लंडनला, पेशंटच्या घशातलं पाणी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात घालून. फायफरचा जंतू म्हणजे आजचा हिमोफिलस इन्फ्लुएंझा. दोषी होताच, पण मागून आलेल्या टोळीतला एक. आम्ही अजून त्याच्यासाठी रक्त गरम करून तपकिरी केलेली वेगळी प्लेट करतो, कारण नुसत्या रक्तावर तो नीट वाढत नाही.

आणि अजून एक. ज्या जांभळ्या-लाल रंगाने मी रोज स्लाइड रंगवते ती पद्धत हान्स क्रिश्चियन ग्राम याने १८८४ मध्ये बर्लिनला काढली ती न्यूमोनियाने मेलेल्या माणसांच्या फुफ्फुसाच्या तुकड्यांवरच. म्हणजे १९१८ ला हे जंतू बघायची सोय चौतीस वर्षं जुनी होती. नव्हतं ते औषध. फ्लेमिंगला पेनिसिलिन दिसलं १९२८ मध्ये, आणि लोकांना मिळायला लागलं ते दुसऱ्या महायुद्धात. त्या मधल्या काळात गेलेल्या माणसांचा विचार मनात आला की फार वाईट वाटतं.

आपल्याकडे ती साथ आली जून १९१८ मध्ये मुंबईत, बंदरावर ड्युटी असलेले पोलीस शिपाई आधी आजारी पडले. पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट भयानक, ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ मृत्यूंची नोंद आहे. देशभर ती रेल्वेच्या मार्गाने आत शिरली, आणि मिरजेहून कोल्हापूरला येणारी रेल्वे तर १८९१ पासूनच होती. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग, माणसं अर्धपोटी. देशात एकूण किती गेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून पुढे पावणेदोन कोटीपर्यंत जातात, आणि १९११ ते १९२१ हे एकमेव दशक आहे ज्यात जनगणनेला भारताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी कमी भरली.

आमच्या भागातली जुनी माणसं त्या साथीला मानमोडी म्हणायची. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या की त्यांच्या सासरच्या वाड्यात दसरा-दिवाळीच्या मधे दोन तरण्या सुना गेल्या, दोघीही आधी दुखण्यातनं उठल्या होत्या, चूल पेटवत होत्या, घरातल्या बाकीच्यांचं करत होत्या, आणि मग परत पडल्या त्या उठल्याच नाहीत. हे मी लहान सून म्हणून ऐकलं तेव्हा नुसती एक दुःखाची गोष्ट वाटली होती. आता त्यात मला दुखण्याचा सगळा क्रम दिसतो. आधी फ्लू, मधे दोन-चार दिवस बरं, तेवढ्यात धूर, पाणी, उपास, आजाऱ्यांच्या अंगाजवळ बसणं, आणि मग न्यूमोनिया. भारतात त्या साथीत बायका पुरुषांपेक्षा जास्त मेल्या, जगात बाकी बऱ्याच ठिकाणी उलटं होतं. सेवा करणारीची सेवा कोण करणार हा प्रश्न होता, आणि मला विचाराल तर अजूनही आहे. आजही लॅबमध्ये सासऱ्याचा, नवऱ्याचा, पोराचा डबा घेऊन सून वेळेवर येते, तिचा स्वतःचा डबा येतो चार दिवस उशिरा.

बरं, फ्लू वाट मोकळी करून देतो म्हणजे नेमकं करतो काय? आपल्या श्वासनलिकेला आतून बारीक केसांचं अस्तर असतं, ते केस सतत एका लयीत हलतात आणि धूळ, जंतू, कफ सगळं वर घशाकडे ढकलत राहतात, आपण न कळत ते गिळून टाकतो. फ्लूचा व्हायरस नेमका याच केसाळ पेशींमध्ये घुसतो आणि त्या मरून गळून पडतात. अंगणात रोज झाडू मारणारं माणूसच आजारी पडल्यावर जे होईल ते. आतली नळी उघडी, ओली, सुजलेली, आणि घशातले जंतू ओघळून खाली उतरले तरी त्यांना वर ढकलायला कुणी नाही. त्यात व्हायरसच्या अंगावर न्यूरामिनिडेज नावाचं एक कात्रीसारखं एन्झाइम असतं, ते पेशींच्या वरची साखरेची टोकं छाटतं, आणि मग खाली जे उघडं पडतं त्याला न्यूमोकॉकस छान चिकटून बसतो. फुफ्फुसाच्या फुग्यांमध्ये जंतू खाणाऱ्या ज्या पहारेकरी पेशी असतात त्याही या दिवसांत ढिल्या पडतात, काही मरतात, उरलेल्यांना शरीराचेच व्हायरसविरोधी सिग्नल मंद करतात. उंदरांवरच्या प्रयोगात असं दिसलंय की फ्लू दिल्यावर साधारण सातव्या दिवशी न्यूमोकॉकस दिला तर तो सगळ्यात घातक ठरतो. आधी दिला तर तितका नाही. म्हणजे ज्या दिवशी माणसाला वाटतं की आता सुटलो, त्याच दिवसांत छाती सगळ्यात उघडी असते, आणि ते अस्तर परत नीट यायला काही आठवडे जातात.

१९१८ च्या मृत्यूंमध्ये अ‍ॅस्पिरिनचाही हात असावा असा एक अंदाज २००९ मध्ये कॅरन स्टार्को या डॉक्टरने मांडला. त्या वेळी दिवसाला ८ ते ३१ ग्रॅम असे डोस सांगितले जायचे, आज ४ ग्रॅम ही वरची हद्द मानतात. एवढ्याने फुफ्फुसात पाणी होऊ शकतं. तो अंदाज आहे, सिद्ध झालेला नाही, पण ताप दिसला की गोळ्यांवर गोळ्या टाकणाऱ्यांनी वाचावा असा आहे.

औषधं आल्यावर प्रश्न संपला का, तर नाही. १९५७ च्या साथीत पेनिसिलिन होतं, पण तोपर्यंत हॉस्पिटलातला स्टॅफिलोकॉकस पेनिसिलिनला दाद देईनासा झालेला, आणि फ्लूच्या मागून तोच आला. हा जंतू फ्लूच्या पाठीवर आला की फार घाई करतो, रक्ताचा बेडका, फुफ्फुसात पोकळ्या, एका-दोन दिवसांत व्हेंटिलेटर, तेही तरण्याताठ्या माणसाला. स्लाइडवर जांभळे घोसच्या घोस दिसले की मी रिपोर्ट टाइप करत बसत नाही, आधी डॉक्टरांना फोन लावते.

२००९ चा स्वाइन फ्लू तर आपल्या सगळ्यांना आठवतो. देशातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यात, ३ ऑगस्टला. इकडे मास्कचा तुटवडा, शाळा बंद, एसटीत कुणी शिंकलं की आख्खी गाडी मागे वळून बघायची. त्याच वर्षी अमेरिकेत दगावलेल्या ७७ जणांच्या फुफ्फुसाचे नमुने तपासले, त्यात २२ जणांमध्ये बॅक्टेरियाही सापडला, म्हणजे तीनातल्या एकाच्या जरा खाली, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा न्यूमोकॉकस. १९१८ इतकं प्रमाण नाही, बाकीच्यांना व्हायरसनेच फुफ्फुसं निकामी केली. त्यामुळे सगळे मृत्यू बॅक्टेरियानेच होतात असं मी म्हणत नाही. पण व्हायरसच्या न्यूमोनियाला आजही आपल्या हातात ऑक्सिजन, व्हेंटिलेटर आणि लवकर सुरू केलेलं ओसेल्टामिविर हे फ्लूच्या व्हायरसवरचं औषध एवढंच असतं, आणि बॅक्टेरियाच्या न्यूमोनियाला वेळेत दिलेलं साधं अँटिबायोटिक जीव वाचवतं. जे आपल्या हातात आहे ते तरी निसटू नये.

आता कुणी म्हणेल, मग पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक घेऊन टाकू की. आणि लोक तेच करतात, मेडिकलमधून अ‍ॅझिथ्रोची तीन गोळ्यांची पट्टी, चिठ्ठीशिवाय. कृपा करून हे करू नका. फ्लूच्या व्हायरसला ते काही करत नाही. घशातले मऊ जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे शिल्लक राहतात, म्हणजे सातव्या दिवशी छातीत उतरायला नेमके तेच तयार. आणि मग बेडका माझ्याकडे येतो तेव्हा स्लाइडवर पू-पेशी भरभरून, पण प्लेट दुसऱ्या दिवशी कोरी, तिसऱ्या दिवशी कोरी. अर्धवट औषधाने जंतू वाढत नाहीत पण छातीत आग चालूच असते, आणि मला रिपोर्टवर 'नो ग्रोथ' लिहावं लागतं. डॉक्टर तिकडे अंदाजाने औषध बदलत बसतात. इतका जीव तुटतो तेव्हा, सांगता येत नाही. कोविडमध्येही हेच झालं, सुरुवातीला येणाऱ्या पेशंटमध्ये बॅक्टेरियाचा संसर्ग फार थोड्यांना असायचा, तरी अँटिबायोटिक जवळजवळ सगळ्यांना दिलं गेलं, आणि त्याचा हिशोब आम्ही अजून प्लेटवर बघतोय.

म्हणून लक्ष ठेवायचं ते दुखणं उलटतंय का यावर. फ्लूचा ताप उतरून एक-दोन दिवस बरं वाटलं आणि परत थंडी वाजून आला, कफ घट्ट, पिवळा किंवा विटकरी झाला, श्वास घेताना एका बाजूला टोचतंय, धाप लागतीय, ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली जातंय, तर त्याच दिवशी डॉक्टर. म्हातारी माणसं कधीकधी तापत नाहीतच, नुसती गुंगीत जातात, जेवण सोडतात, भलतंच बोलायला लागतात, ते सुद्धा धरायचं. लहान पोरांचे श्वास मोजा, पूर्ण मिनिटभर, पोर शांत असताना. दोन महिने ते वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या पोराला ४० किंवा जास्त, हे खूप झालं. श्वास घेताना बरगडीखाली खळगा पडत असेल तर मोजत पण बसू नका.

आणि डॉक्टरांनी बेडका तपासायला सांगितला तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्यायच्या आधी द्या, जमलं तर सकाळचा, साध्या पाण्याने चूळ भरून, खोल खाकरून छातीतनं काढलेला, आणि तासा-दोन तासात लॅबला पोचवा. न्यूमोकॉकस नाजूक आहे, डबा दिवसभर गाडीच्या डिकीत राहिला तर तो आपोआप विरघळून जातो. पण माणूस जास्तच आजारी असेल तर बेडक्यासाठी औषध अडवून धरायचं नाही, ते डॉक्टर बघतील.

लसीचं सांगायचं राहिलं. न्यूमोकॉकसची लस, पीसीव्ही, २०२१ पासून महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्याला, फुकट. प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, आशाताई घरी येऊन सांगतात. ती चुकवू नका, कारण पोरांच्या घशातला न्यूमोकॉकसच आजी-आजोबांच्या छातीत उतरतो, पोरांना लस दिल्यावर म्हाताऱ्यांचे न्यूमोनिया कमी झाल्याचं बाहेरच्या देशांत दिसलंय. मोठ्यांना मात्र फ्लूची आणि न्यूमोकॉकसची दोन्ही विकत घ्यावी लागते. साठ-पासष्टच्या पुढचे, शुगरवाले, दम्याचे, हृदयाचे, किडनीचे पेशंट आणि फ्लूसाठी गरोदर बायका, यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी, फ्लूची दरवर्षी, पावसाळ्याच्या आधी. आमच्या मामंजींनी यंदा मे महिन्यात दोन्ही घेतल्या. दंड एक दिवस दुखला, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे रंकाळ्यावर फिरायला गेले, आणि आता त्यांच्या फिरायच्या ग्रुपमधले बाकीचेही कुठे मिळते म्हणून मला फोन करायला लागलेत.